बागेत निवांत बसलेली बाई

(मंडळाच्या एका शनिवार संध्याकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



बाहेर बटाटेवडे तयार आहेत, त्यांचा वास इथपर्यंत येतो आहे, आणि तरीही तुम्ही चित्रकलेवरचं भाषण ऐकायला बसला आहात, त्याबद्दल आधी तुमचे आभार मानते. घाबरू नका, मी कोणाला ब्रशचे फटकारे मोजायला लावणार नाही. विषय अगदी घरगुती आहे. बागेत निवांत बसलेली बाई.

फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी हा विषय इतक्या वेळा रंगवला आहे की कॅलेंडरं, बिस्किटांचे डबे, छत्र्या, कुठेतरी तुम्ही ती बाई नक्की पाहिलेली असणार. पांढरा झगा, डोक्यावर हॅट, हातात छत्री किंवा पुस्तक, आणि झाडांतून पडणारे उन्हाचे कवडसे. मराठीत या शैलीला ‘दृक्प्रत्ययवाद’ असा भारदस्त शब्द आहे. विश्वकोशात तो शोभून दिसतो, पण बोलताना जिभेला जड जातो. म्हणून मी आपली इम्प्रेशनिस्टच म्हणणार.

थोडी पार्श्वभूमी सांगते. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमधल्या काही चित्रकारांनी सरकारी प्रदर्शन बाजूला ठेवून स्वतःचं वेगळं प्रदर्शन भरवलं. त्यात क्लोद मोनेचं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या नावाचं एक चित्र होतं. एका टीकाकाराने त्या नावावरून सगळ्यांची टिंगल केली, आणि पुढे तीच टिंगल त्यांची ओळख झाली. या मंडळींना उघड्यावर बसून चित्र काढायचा नाद होता. तो परवडला तो दोन साध्या गोष्टींमुळे. एक म्हणजे तयार रंग पत्र्याच्या ट्यूबमध्ये मिळू लागले होते. दुसरं म्हणजे आगगाडीने सकाळी पॅरिसबाहेरच्या गावी जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं. मग नदीकाठ आला, बागा आल्या, आणि बागांमध्ये बायका आल्या.

आपल्या सिंगापूरच्या नॅशनल गॅलरीत ही चित्रं मोठ्या संख्येने दोनदा तरी येऊन गेली आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरपासून २०१८ च्या मार्चपर्यंत पॅरिसच्या म्युझे दोर्सेकडून आली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात जे प्रदर्शन उघडलं त्यात बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सची चित्रं होती. तुमच्यापैकी पुष्कळजण गेला असाल. अशा चित्रांपुढे उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, मराठीत, हिंदीत, सिंग्लिशमध्ये, सगळ्या भाषांत. “काय मजा होती बाई यांची! काही काम नाही, धाम नाही!”

आज मला या एका वाक्यावरच बोलायचं आहे. खरंच काही काम नव्हतं का?

सुरुवात मोनेपासूनच करू. १८६६ साली, म्हणजे इम्प्रेशनिस्ट हे नाव पडायच्या आठ वर्षं आधी, त्याने ‘बागेतील स्त्रिया’ हे चित्र काढायला घेतलं. ते आज दोर्सेमध्ये आहे. अडीच मीटर उंच, म्हणजे आपल्या एचडीबीच्या घराच्या छतापर्यंत जवळजवळ पोचेल एवढं. इतका मोठा कॅनव्हास त्याला बागेतच, उघड्यावर रंगवायचा होता. मग वरच्या भागापर्यंत हात कसा पोचणार? शिडीवर चढलं तर बघण्याचा कोन बदलतो. म्हणून या पठ्ठ्याने बागेत चर खणला आणि कप्पी लावून कॅनव्हास त्यात वरखाली करायची सोय केली.

चित्रात चार बायका आहेत. एक फुलांत चेहरा लपवते आहे, एक मांडीवर फुलं घेऊन गवतावर बसली आहे, एक मागे फुलझाडाकडे वळली आहे. घडत काहीच नाही. १८६७ च्या सरकारी प्रदर्शनात परीक्षकांनी हे चित्र नाकारलं. ब्रशचे फटकारे दिसतात ही एक तक्रार होतीच, पण दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. या चित्राला विषयच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळात एवढा मोठा कॅनव्हास राजेरजवाड्यांसाठी, लढायांसाठी, देवदेवतांसाठी असायचा. त्यावर चार बायका नुसत्या बसवायच्या? गोष्ट काय आहे यात? शेवटी मोनेचा मित्र फ्रेडरिक बाझिय याने त्याला मदत म्हणून हे चित्र २५०० फ्रँकला घेतलं, तेही महिना ५० फ्रँकच्या हप्त्याने! पुढे १९२१ मध्ये फ्रेंच सरकारने तेच चित्र दोन लाख फ्रँक मोजून विकत घेतलं.

“गोष्ट काय आहे यात?” हा परीक्षकांचा प्रश्न आपल्यालाही ओळखीचा आहे. आपल्या घरांत चित्र म्हणजे राजा रविवर्मा. १८९४ मध्ये मुंबईत त्याचा छापखाना सुरू झाला आणि त्याची चित्रं माजघरापर्यंत पोचली. त्याने बागेतल्या, वनातल्या बायका कितीतरी काढल्या. आठवून बघा. शकुंतला पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघते आहे, कोणाला, तर दुष्यंताला. दमयंती हंसाशी बोलते आहे, कोणाबद्दल, तर नलाबद्दल. झाडं आहेत, फुलं आहेत, बाईही निवांत उभी आहे, पण मन थाऱ्यावर नाही. ती कोणाची तरी वाट बघते आहे. एक झोपाळ्यावरची मोहिनी तेवढी मजेत झोके घेताना दिसते, पण मोहिनी म्हणजे विष्णूचं रूप, दैत्यांना भुलवायला घेतलेलं. म्हणजे तीही ड्यूटीवरच!

रविवर्म्यानंतर आपल्याकडे महादेव विश्वनाथ धुरंधर झाले. मूळचे कोल्हापूरचे, जे. जे. स्कूलमध्ये घडले आणि तिथेच शिकवलं. ऑटो रॉथफेल्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या १९२० साली निघालेल्या ‘वीमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी भारतभरच्या, जातीजातींच्या बायका रंगवल्या. त्यांच्या हातातली लय बघत राहावी अशी आहे. पण एकूण आपल्या त्या काळातल्या चित्रांत बाई दिसते ती वाट बघताना, पूजा करताना, पाणी भरताना, विकायला बसलेली. कारणाशिवाय बसलेली बाई शोधावी लागते.

आणि याचं नवल वाटायला नको, कारण आपली भाषाच बघा. पुरुष बसला तर तो ‘निवांत’ बसलेला असतो. बाई बसली तर ती ‘रिकामी’ बसलेली असते. ‘रिकामटेकडी’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. आपल्या आज्या दुपारी ओसरीवर बसायच्या, नाही असं नाही, पण हातात वाती तरी असायच्या, नाहीतर पुढ्यात गवारीच्या शेंगा. आणि खरी मोकळीक हवी असेल तर देवाचं निमित्त लागायचं. मंगळागौर म्हणून रात्रभर फुगड्या, हस्त नक्षत्र म्हणून भोंडला, नागपंचमी म्हणून झोके. सुटीचा अर्ज थेट देवाकडे गेला की घरातल्या कोणाला तो नामंजूर करता येत नसे. फार हुशार होत्या आपल्या बायका.

आता पुन्हा मोनेच्या बागेत येऊ. त्या चार बायकांपैकी डावीकडच्या तिघींसाठी एकच मुलगी बसली होती, कामीय दोन्सिय. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, पुढे मोनेची बायको झाली. एक झगा उतरवायचा, दुसरा चढवायचा, पुन्हा त्याच जागी, त्याच उजेडात, न हलता बसायचं. मॉडेल होणं म्हणजे काय, ते एकदा घरी करून बघा. वीस मिनिटं मान एका बाजूला कलती ठेवा, चेहरा हसरा ठेवा, आणि माशी बसली तरी हलू नका. म्हणजे चित्रात जिला काहीही काम नाही, तिला प्रत्यक्षात ‘काहीही न करताना दिसणं’ हेच काम होतं. १८७९ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, दोन लहान मुलं मागे ठेवून कामीय गेली. चित्रांमध्ये मात्र ती कायमची उन्हात बसली आहे.

दिवाळी जवळ आली आहे म्हणून आपल्याकडचं एक उदाहरण देते. हातात निरांजन धरून उभी असलेली, बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो आहे अशी जांभळ्या साडीतली स्त्री तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पुष्कळांना ते चित्र रविवर्म्याचं वाटतं. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यासाठी उभी राहिली त्यांची कन्या गीता. आपण त्या चित्रात शांतता बघतो. पण ती शांतता कोणीतरी हात न हलवता, पाय अवघडेपर्यंत उभं राहून दिलेली आहे, हे लक्षात येत नाही.

आता दुसरा प्रश्न. या बायका बागेतच का? दुसरीकडे का नाहीत?

याचं उत्तर मोनेकडे नाही, त्याच गटातल्या एका बाईकडे आहे. बर्थ मोरिसो, जन्म १८४१. १८७४ च्या त्या पहिल्या प्रदर्शनात तीही होती, आणि गटाच्या आठ प्रदर्शनांपैकी सातांत तिची चित्रं लागली. एक चुकलं ते १८७९ चं, कारण आदल्या नोव्हेंबरात तिला मुलगी झाली होती. सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, मुलींना प्रवेश मिळू लागला तो १८९७ मध्ये, म्हणजे मोरिसो वारल्यानंतर दोन वर्षांनी! तिचे पुरुष मित्र संध्याकाळी कॅफेत बसून वाद घालत, रात्री नाटकगृहांच्या विंगांत फिरत, स्टेशनवर, रस्त्यावर कुठेही ईझल मांडत. चांगल्या घरातल्या बाईला यातलं काहीच एकटीने करता येत नव्हतं. तिच्या वाट्याला घर होतं, गच्ची होती, आणि बाग होती. म्हणून तिने बाग रंगवली. जी बाग आपल्याला मोकळी जागा वाटते, ती तिच्यासाठी घराबाहेर जाण्याची शेवटची हद्द होती. कंपाउंड म्हणा ना.

आणि तरीही त्या हद्दीच्या आत तिने काय करून दाखवलं आहे! लंडनच्या नॅशनल गॅलरीत तिचं १८७९ चं ‘उन्हाळ्यातला दिवस’ हे चित्र आहे. ब्वा द बूलोन्य या पॅरिसच्या मोठ्या उद्यानातल्या तळ्यावर, होडीत दोन बायका बसल्या आहेत. पाणी, बदकं, कपडे, सगळं झरझर ओढलेल्या फटकाऱ्यांनी असं हलतं की होडीत आपणही बसलो आहोत असं वाटतं. बाई निवांत बसलेली आहे, पण तिला रंगवणारा हात काय वेगाने चालला असेल!

मोरिसोला एक बहीण होती, एदमा. दोघी बरोबर शिकल्या, बरोबर उघड्यावर चित्रं काढायला जायच्या. १८६९ मध्ये एदमाचं लग्न एका नौदल अधिकाऱ्याशी झालं. नवऱ्याची नेमणूक लोरियां या बंदराच्या गावी होती, ती तिकडे गेली, आणि तिचं चित्रं काढणं सुटलं. त्याच वर्षी मोरिसो बहिणीकडे राहायला गेली असताना तिने बंदराचं चित्र काढलं. एका कोपऱ्यात धक्क्याच्या कठड्यावर एदमा छत्री घेऊन बसली आहे. चार वर्षांनी काढलेल्या दुसऱ्या एका चित्रात ती हिरवळीवर पुस्तक वाचत बसली आहे. छत्री शेजारी गवतावर पडलेली आहे. पहिल्या नजरेला आपण म्हणतो, काय सुखी बाई आहे! पण जिने स्वतः ईझलसमोर उभं राहायचं, ती आता ईझलच्या पलीकडे बसली आहे, हे समजलं की तेच चित्र वेगळं दिसायला लागतं.

मंडळी, नवऱ्याची बदली, नवं गाव, आणि बाईचं सुटलेलं काम. या हॉलमधल्या किती जणींना एदमाची ओळख करून द्यायची गरज आहे? डिपेंडंट पासवर इथे आलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे बँकेत होत्या, कॉलेजात शिकवत होत्या, प्रॅक्टिस करत होत्या. पूर्वी नोकरी देणाऱ्याने लेटर ऑफ कन्सेंट घेतलं की काम करता येत असे. १ मे २०२१ पासून नोकरीसाठी स्वतंत्र वर्क पास लागतो. तो मिळेपर्यंत दुपारी चार वाजता कॉन्डोच्या स्विमिंग पूलशेजारी बसलेल्या बाईचा फोटो गावी गेला, तर तिकडचे लोक काय म्हणणार? “मजा आहे बाई तुझी!” ती फुरसत आहे हे खरं. पण मागितलेली फुरसत आणि गळ्यात पडलेली फुरसत यात फरक असतो, आणि तो फोटोत दिसत नाही.

मेरी कॅसेट ही त्याच गटातली अमेरिकन बाई. तिने १८८० मध्ये, मार्ली या गावी उन्हाळ्याला राहिली असताना, आपल्या बहिणीचं चित्र काढलं. लिडिया बागेत बसून क्रोशाचं विणकाम करते आहे. आता हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मागे फुलांचे वाफे, डोक्यावर पांढरी हॅट, निळा झगा, नजर खाली हातांवर. लिडियाला मूत्रपिंडाचा आजार होता आणि दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, त्यातच ती गेली. तिचं बागेत बसणं आजारी माणसाचं बसणं होतं. आणि आजारी असूनही हात रिकामे नाहीत! आपल्या आज्यांच्या वातींची आठवण आली की नाही?

आता ज्या चित्रासाठी मी हे सगळं सांगत आले, ते सांगते. मोरिसोची मुलगी ज्युली काही महिन्यांची असतानाचं. बागेत एक बाई पांढऱ्या कपड्यांत बसून बाळाला पाजते आहे. चेहरा नीट दिसतही नाही, हिरव्या-पांढऱ्या फटकाऱ्यांत जवळजवळ विरघळून गेला आहे. कोणीही म्हणेल, आई आणि बाळ, किती गोड. पण ती आई नाही. ती आंजेल, दूध पाजायला पगारावर ठेवलेली दाई. आई ईझलच्या या बाजूला उभी राहून चित्र काढते आहे.

लिंडा नॉकलिन या कला-इतिहासकार बाईंनी १९८८ मध्ये या एका चित्रावर लेख लिहून दाखवून दिलं की इथे आपण विश्रांती बघत नाही आहोत, काम बघतो आहोत. दाई दूध विकते आहे, कारण तो तिचा पोटाचा धंदा आहे. आणि चित्रकार चित्र काढते आहे, कारण तो तिचा पेशा आहे. मध्ये बाळ. त्या बागेत फुरसत असलेलं कोणी असेल तर ते बाळच!

मला यात सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते की आंजेल बाळाला घेऊन बसली म्हणून मोरिसोला हातात ब्रश धरता आला. आंजेलचं स्वतःचं बाळ तेव्हा कुठे होतं, त्याला कोण पाजत होतं, हे चित्र सांगत नाही. मोरिसोने एवढं मात्र केलं की ज्या बाईमुळे आपल्याला वेळ मिळाला, तिलाच चित्रात आणलं. कोपऱ्यात ठेवली नाही, मधोमध बसवली.

पॅरिसमध्ये फार वेळ रमलो, आता आपल्या गावात येऊ. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल कोणतं, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवतात. व्हांडा मिस जोआकिम. १९८१ पासून ते राष्ट्रीय फूल आहे. या मिस जोआकिम म्हणजे इथल्या एका आर्मेनियन घरातल्या अ‍ॅग्नेस जोआकिम. तंजोंग पागारला त्यांच्या घराची बाग होती. तिथे त्यांनी दोन ऑर्किडांचा संकर करून हे नवं फूल तयार केलं आणि बोटॅनिक गार्डन्सचे प्रमुख हेन्री रिडली यांना दाखवलं. रिडलींनी १८९३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली, आणि संकर बाईंनीच केला असं स्पष्ट लिहिलं. तरीही पुढे कितीतरी वर्षं एक गोड गोष्ट सांगितली जायची. बाई आपल्या बागेत सहज फिरत होत्या आणि बांबूच्या बेटात त्यांना हे फूल अचानक सापडलं! त्यांनीच हे फूल घडवलं, याला इथल्या सरकारी संस्थांनी मान्यता दिली ती २०१६ मध्ये.

म्हणजे बघा, पुरुष बागेत असेल तर तो संशोधन करतो आणि बाई बागेत असेल तर ती फिरत असते. आपल्या डोळ्यांना झालेली ही सवय आहे, आणि ती चित्रांपुरती नाही.

याच बोटॅनिक गार्डन्समध्ये, १८५९ पासून असलेल्या आणि २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या आपल्या लाडक्या बागेत, रविवारी दुपारी जा. हिरवळीवर चटया अंथरलेल्या असतात. डबे उघडलेले असतात. कोणी कोणाचे केस विंचरतंय, कोणी फोनवर गावाकडच्या लेकराशी बोलतंय, कोणी झाडाखाली हात उशाशी घेऊन झोपलंय. मोने आज सिंगापूरला आला तर ईझल नक्की तिथेच मांडेल. या आपल्या घरांत काम करणाऱ्या मुली आहेत. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमार, आणि आपल्या भारतातूनही आलेल्या. सिंगापूरमध्ये अशा तीन लाखांच्या आसपास आहेत.

या एका दुपारीमागे कायदा आहे. १ जानेवारी २०१३ पासून दिलेल्या किंवा नूतनीकरण केलेल्या परवान्यांवर आठवड्याची एक सुटी बंधनकारक झाली, पण दोघांच्या संमतीने सुटीऐवजी पैसे देण्याची मुभा होती. १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातला निदान एक दिवस तरी पैसे देऊन विकत घेता येत नाही, तो द्यावाच लागतो. निदान एक. महिन्यातून. आपल्या घरी आपण किती देतो, हे ज्याचं त्याने मनात मोजावं, मी हात वर करायला सांगत नाही.

माझ्याकडच्या मुलीला मी एकदा विचारलं, “रविवारी गार्डन्समध्ये तुम्ही करता तरी काय दिवसभर?” ती म्हणाली, “नथिंग, मॅम. जस्ट सिट.”

काही नाही, नुसती बसते. दीडशे वर्षांपूर्वी परीक्षकांनी मोनेचं चित्र ज्या कारणासाठी परत पाठवलं, नेमकं तेच ती सांगत होती. आणि तिने ते ज्या समाधानाने सांगितलं, त्यावरून मला कळलं की नुसतं बसणं हा केवढा मोठा विषय आहे.

आता मंडळाच्या घरचीच गोष्ट काढते, रागावू नका. आपले कितीतरी कार्यक्रम रविवारी असतात. कार्यक्रम असला की लहान मुलं कोण बघणार, असा प्रश्न येतो, आणि पुष्कळदा त्याचं उत्तर ‘तिची सुटी पुढच्या आठवड्यात’ असं निघतं. मग नाटक आपण बघतो, आणि मागच्या रांगेच्याही मागे, दाराशी, ती स्ट्रोलर हलवत उभी असते. तिला मराठी कळत नाही. आपल्या फुरसतीचं चित्र काढायला कोणी बसलं तर ती त्या चित्रात येईल का, आणि आली तर कुठे? मोरिसोने आंजेलला मधोमध बसवलं होतं. आपल्याला निदान कार्यक्रमाची तारीख ठरवताना तिची आठवण ठेवता येईल. मुलं सांभाळायची पाळी आपसात वाटून घेता येईल. यात बाबामंडळींनाही भरपूर वाव आहे, हे जाता जाता सांगते.

मी काही फुरसतीच्या विरुद्ध बोलत नाही, उलट बाजूने बोलते आहे. आपल्या आया, सासवा तीन महिन्यांसाठी इथे येतात. दुसऱ्याच दिवशी म्हणतात, “मला काहीतरी काम दे गं, नुसतं बसवत नाही.” भाजी निवडायला मागतात, कपड्यांच्या घड्या घालतात. आपणही सोय म्हणून देतो. पण संध्याकाळी खालच्या बागेतल्या बाकावर त्या एकमेकींना भेटतात, एक नाशिकची, एक मदुराईची, एक चिनी आजी, भाषा एकीची दुसरीला येत नाही, आणि तरी अर्धा तास जातो. आयुष्यभर नुसतं बसायची परवानगी कोणी दिली नाही, आणि सत्तरीत ती आपल्याला मिळाली आहे हे पटायलाच वेळ लागतो. तो अर्धा तास त्यांचा आहे. त्यात “येताना दूध घेऊन ये” असा फोन करू नये, असं मला वाटतं.

शेवटी एक सोपं काम देते. घरी गेल्यावर जुने अल्बम काढा, किंवा फोनमधले फोटो चाळा. घरातल्या बाईचा एक तरी फोटो असा सापडतो का बघा, ज्यात ती काहीही करत नाही आहे. वाढताना नाही, ओवाळताना नाही, लग्नाच्या रांगेत उभी नाही, मुलाला कडेवर घेऊन नाही. नुसती बसली आहे, आणि कोणीतरी तिच्याकडे बघण्यासारखं म्हणून बघितलं आहे. मी आमच्या घरचे शोधले. आईचा असा एक फोटो मिळाला, तोही दुसऱ्याच कोणाचा काढताना कोपऱ्यात आलेला.

मोनेने त्यासाठी बागेत चर खणला होता. आपल्या खिशात फोन आहे. या दिवाळीत चकल्या झाल्या, फराळाचे डबे भरून झाले की घरातल्या बाईला, आईला, सासूबाईंना, आणि तिला आवडणार असेल तर घरात काम करणाऱ्या मुलीलाही, थोडं खाली बागेत बसू द्या. फोटो काढायचा तर जरूर काढा, पण “हसा, इकडे बघा” म्हणू नका. मघाशी कामीयचं ऐकलंत ना? तेही कामच होतं.

बटाटेवडे आता फार वेळ थांबणार नाहीत. ते तळणाऱ्या मैत्रिणी मघापासून आत उभ्या आहेत, त्यांना आधी खुर्च्या देऊ, आणि मग आपण प्लेटा घेऊ.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.